आकडा आहे, चलनही आहे; पण दर कोणत्या दिवसाचा?
सीमापार व्हेंचर कॅपिटल फंडांचे नियम लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय रोखे आयोग संघटना, म्हणजेच आयोस्को, माद्रिद,
आणि तिच्या सदस्य नियामक संस्थांमध्ये व्हेंचर कॅपिटल फंडांच्या नियमांचे मसुदे लिहिणारे सर्वजण

स. न. वि. वि.

मी फंडांचे हिशेब सांभाळते. गुंतवणूकदार एका देशात, फंडाची नोंदणी दुसऱ्या देशात आणि पैसे ज्या नवख्या कंपन्यांत जायचे त्या तिसऱ्या-चौथ्या देशात, अशी ही वरात एका वहीत बसवायचे काम माझ्याकडे आहे. तुमचे नियम मी कायद्याच्या हौसेने वाचत नाही. ते वाचल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, म्हणून वाचते. इतकी वर्षे वाचून एक तक्रार मात्र मनात घर करून बसली आहे. ऐकायला ती क्षुल्लक वाटेल. तुम्ही रकमेचा आकडा लिहिता, चलनाचे नाव लिहिता, पण दुसऱ्या चलनातली रक्कम त्या आकड्याशी कोणत्या दिवशीच्या, कोणाच्या दराने ताडून पाहायची, हे बहुतेक वेळा लिहीत नाही.

युरोपियन संघाचा व्हेंचर कॅपिटल फंडांसाठीचा ३४५/२०१३ हा नियम घ्या. तो जुलै २०१३ पासून लागू आहे. व्यावसायिक नसलेल्या गुंतवणूकदाराला अशा फंडात यायचे असेल, तर त्याने किमान १ लाख युरो गुंतवण्याचे वचन द्यायचे आणि जोखमीची जाणीव असल्याचे वेगळ्या कागदावर लिहून द्यायचे. हेतू चांगला आहे. एवढी रक्कम बांधून ठेवू शकणारा माणूस तोटा झाला तरी उघड्यावर पडणार नाही, असा त्यामागचा अंदाज. आता हे वचन, आमच्या भाषेत कमिटमेंट, युरोत असेल तर प्रश्नच नाही. पण ती स्विस फ्रँकमध्ये असेल तर?

१४ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँकची मर्यादा धरून ठेवली होती आणि बाजारभाव तिच्या अगदी जवळ होता. समजा, त्या दिवशी एकाने १ लाख १० हजार फ्रँकची कमिटमेंट दिली. त्याचे झाले साधारण ९१,६०० युरो. अपात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेने ती मर्यादा सोडून दिली, फ्रँक उसळला आणि संध्याकाळपर्यंत युरो आणि फ्रँक जवळपास एका पातळीवर आले. तेवढेच फ्रँक आता १ लाख युरोंच्या बरेच वर गेले. पात्र! त्या माणसाच्या शहाणपणात, अनुभवात किंवा जोखीम पेलण्याच्या ताकदीत एका रात्रीत काय फरक पडला? आणि वचन १४ तारखेला देऊन करारावर फंडाची सही १६ तारखेला झाली असेल, तर तो कोणत्या दिवसाचा गुंतवणूकदार धरायचा? १ लाखाची अट घालणाऱ्या त्या वाक्यात याचे उत्तर नाही. मग ते उत्तर माझ्यासारखी हिशेबनीस देते, फंडाचा वकील त्याला मान डोलावतो, आणि पुढे कधीतरी तपासणी आली की वेगळे उत्तर निघेल या धास्तीने सगळे कागद जपून ठेवले जातात.

शेअर बाजारात आज विकत घेतले की एक-दोन दिवसांत पैसे चुकते होतात, त्यामुळे दराचा दिवस फारसा नडत नाही. व्हेंचर कॅपिटलमध्ये सगळा खेळ लांब मुदतीचा आहे. गुंतवणूकदार आधी फक्त वचन देतो. मग फंडाचा व्यवस्थापक चार-पाच वर्षांत, कंपन्या सापडतील तशा, त्या वचनातली रक्कम हप्त्याहप्त्याने मागवतो. आमच्या भाषेत ड्रॉडाउन. आलेला पैसा कंपनीच्या देशाच्या चलनात जातो. दर तिमाहीला किंवा वर्षाला त्याचे मूल्यांकन होते. कंपनी विकली गेली की पैसे उलट्या वाटेने परत येतात. हे सगळे साधारण दहा वर्षांत. म्हणजे एकाच रुपयाला किंवा युरोला या प्रवासात चार-पाच वेळा चलनाचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि प्रत्येक उंबरठ्यावर तुमचा एखादा नियम उभा असतो: किमान गुंतवणूक, किमान निधी, अमुक टक्क्यांहून जास्त बाहेर नको, तमुक टक्के शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांतच हवेत. या सगळ्या जागी तुम्ही चलन हा एकच शब्द वापरता.

प्रत्यक्षात ते पाच वेगळे शब्द आहेत. वचनाचे चलन, मागणीचे चलन, फंडाच्या हिशेबाचे चलन, गुंतवणुकीचे चलन आणि तुम्हाला पाठवायच्या अहवालाचे चलन. हिशेबतज्ज्ञांनी आपल्यापुरती सोय करून ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय हिशेब मानक २१ मध्ये संस्था ज्या आर्थिक वातावरणात वावरते त्याचे चलन वेगळे आणि ताळेबंद ज्यात मांडायचा ते चलन वेगळे, असे स्पष्ट केलेले आहे. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या फंडांच्या कागदांत ‘मूळ चलन’ असा मोघम शब्द असतो, आणि तो या पाचांपैकी कोणाबद्दल आहे हे संदर्भावरून ताडायचे असते.

यात नुकसान कसे होते ते एका साध्या गणिताने दाखवते. आकडे माझे, कल्पनेतले. युरोपच्या त्याच नियमात फंडाने आलेले भांडवल आणि अजून न मागवलेली वचने मिळून होणाऱ्या रकमेपैकी किमान ७० टक्के पात्र कंपन्यांत घालायचे असतात. बाकीच्या मालमत्तेसाठी ३० टक्के मोकळे. समजा, एका फंडाकडे ५ कोटी युरोंची आणि ५ कोटी डॉलरची वचने आहेत. हिशेब युरोत. एक डॉलर ९० युरो-सेंटला असताना एकूण रक्कम ९.५ कोटी युरो, तिचे ३० टक्के म्हणजे २.८५ कोटी. व्यवस्थापकाने सावधपणे २.८ कोटींचीच बाकीची मालमत्ता घेतली. (खर्चाची वजावट सोडून देऊ.) डॉलरमधली वचने अजून मागवलेलीच नाहीत. पुढच्या वर्षी डॉलर ८० सेंटवर आला. एकूण रक्कम झाली ९ कोटी, तिचे ३० टक्के २.७ कोटी. फंड १० लाख युरोंनी नियमाबाहेर गेला. कोणी काही विकत घेतले नाही, विकले नाही, कोणाला फसवले नाही. फंड जागच्या जागी बसून होता आणि मर्यादाच त्याच्या पायाखालून सरकली.

यावर तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील की आम्ही अशा वेळी समजूतदारपणे वागतो. वागत असालही. पण तुमचा समजूतदारपणा नियमात लिहिलेला नाही, आणि न लिहिलेल्या समजूतदारपणावर दहा वर्षांचा करार उभा करता येत नाही. मर्यादा खरेदीच्या दिवशी, त्या दिवसाच्या दराने तपासायची आणि नंतर केवळ विनिमय दरामुळे ती ओलांडली गेली तर ते उल्लंघन धरायचे नाही. फक्त नवी खरेदी थांबवायची. एवढे एक वाक्य पुरेल.

भारताच्या नियमांत याच दुखण्याचे वेगळे रूप दिसते. सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक फंडांच्या नियमांत गुंतवणूकदारासाठी साधारणपणे किमान १ कोटी रुपये हा आकडा आहे. परदेशी व्हेंचर कॅपिटल गुंतवणूकदारांच्या २००० च्या नियमांत किमान १० लाख डॉलरच्या वचनाची अट होती. म्हणजे एकाच नियामकाची दोन मापे दोन चलनांत. यात चूक काही नाही. एक माप देशातल्या फंडासाठी, दुसरे बाहेरून येणाऱ्यासाठी. खरी गुंतागुंत पुढे आहे. देशातल्या फंडाला परदेशी कंपन्यांत गुंतवायचे असेल, तर स्वतःच्या गुंतवण्याजोग्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत मुभा, आणि ती रक्कम रुपयांत. पण अशा सगळ्या फंडांची मिळून एकत्रित मर्यादा डॉलरमध्ये, २०२१ मध्ये ती ७५ कोटींवरून १५० कोटी डॉलर केली गेली. रुपया घसरला की तेवढ्याच रुपयांना कमी डॉलर येतात, म्हणजे देशाच्या एकत्रित मर्यादेत जागा वाढते. फंडाच्या स्वतःच्या २५ टक्क्यांत मात्र काहीच हलत नाही. दोन काटे एकाच वजनाकडे पाहतात आणि वेगवेगळे बोलतात.

त्याच देशातले एक उदाहरण मला मनापासून आवडते. १९९९ च्या फेमा, म्हणजे विदेशी विनिमय व्यवस्थापन कायद्यात चलन, भारतीय चलन, परकीय चलन आणि विदेशी विनिमय या चार संज्ञांच्या चार स्वतंत्र व्याख्या आहेत. रुपयांत लिहिलेली पण परकीय चलनात चुकती होणारी हुंडी विदेशी विनिमयात मोडते, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. कागदावर काय छापले आहे आणि हातात काय पडणार आहे, हा फरक मसुदाकाराने ओळखला. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतल्या आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्रातली वित्तीय संस्था विनिमयाच्या कायद्यापुरती देशाबाहेरची मानली जाते आणि तिचे मुख्य व्यवहार परकीय चलनात चालतात. ‘परकीय’ या शब्दाचा भूगोलाशी संबंध तिथे तुटला आहे, पण तुटल्याचे कायद्यानेच सांगितले आहे. त्यामुळे गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो ‘मुक्तपणे परिवर्तनीय चलन’ या शब्दप्रयोगाने. चीनच्या २००३ च्या परदेशी व्हेंचर कॅपिटल उद्योगांच्या नियमांत किमान रक्कम डॉलरमध्ये होती, चिनी भागीदाराने रेन्मिन्बीत पैसे घालायचे होते आणि परदेशी भागीदाराने मुक्तपणे परिवर्तनीय चलनात. हा शब्दप्रयोग जगभरच्या करारांत सापडतो, आणि मी तरी त्याची एकसारखी व्याख्या दोन ठिकाणी पाहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या करारात जी संज्ञा आहे ती ‘मुक्तपणे वापरण्याजोगे’. १ ऑक्टोबर २०१६ पासून रेन्मिन्बी त्या यादीत डॉलर, युरो, येन आणि पाउंड यांच्या पंगतीला बसला. तरी चीनमधून भांडवल आत-बाहेर नेण्यावर नियंत्रणे आहेतच. म्हणजे एकच चलन एका व्याख्येने मोकळे आणि दुसऱ्या व्याख्येने बांधलेले. रुपयाचेही तसेच: ऑगस्ट १९९४ मध्ये भारताने नाणेनिधीच्या आठव्या कलमाची बंधने स्वीकारली आणि रुपया चालू खात्यापुरता, म्हणजे व्यापार-सेवांसारख्या व्यवहारांपुरता, परिवर्तनीय झाला, पण भांडवली खाते, म्हणजे गुंतवणूक आणि कर्जांचे व्यवहार, पूर्ण मोकळे झाले नाही. आता करारात नुसतेच ‘परिवर्तनीय चलन’ लिहिले असेल तर रुपया त्यात येतो की नाही? मला विचाराल तर येतो. वकिलाला विचारा, तो म्हणेल कोणाच्या बाजूने उत्तर हवे ते आधी सांगा.

रेन्मिन्बीचाच आणखी एक पेच. रेन्मिन्बी हे चलनाचे नाव, युआन हे त्याचे एकक. हा फरक निदान शब्दांचा आहे. पण मुख्य भूमीवरच्या युआनचा दर एक आणि हाँगकाँगसारख्या ठिकाणी बाहेर चालणाऱ्या युआनचा दर दुसरा. बाजार बाहेरच्या युआनला सीएनएच म्हणतो, तर आयएसओ ४२१७ या चलनसंकेतांच्या यादीत फक्त सीएनवाय आहे. तुम्ही नियमात अधिकृत संकेत लिहिलात तरी दोन दरांपैकी कोणता, हे सांगितल्याशिवाय काम भागत नाही. संकेत आवश्यक आहे, पुरेसा नाही.

चिन्हांबद्दल तर बोलूच नये. एका फंडाच्या पूरक करारात नुसते डॉलरचे चिन्ह होते. सही करणारा गुंतवणूकदार कॅनडातला, फंड डॉलरमध्ये मागणी करणारा. कोणाचा डॉलर, यावर तीन आठवडे पत्रे फिरली. शेवटी मिटले, पण त्या तीन आठवड्यांत मागणीची मुदत उलटून गेली आणि विलंबाचे व्याज कोणी भरायचे यावर नवा वाद सुरू झाला. तीन अक्षरी संकेत लिहिला असता तर हे पत्र लिहायला मला आणखी एखादे कारण शोधावे लागले असते!

चलनाबद्दल काटेकोर लिहिता येते याचा पुरावा तुमच्याच गावात आहे. युरोला युरो हे नाव देण्याचा निर्णय डिसेंबर १९९५ मध्ये माद्रिदच्या युरोपीय परिषदेत झाला. त्यानंतर १९९७ मध्ये आलेला युरोपियन संघाचा ११०३/९७ हा नियम मी आजही मसुद्याचा नमुना म्हणून नव्या सहकाऱ्यांना वाचायला देते. जुन्या करारांत जिथे जिथे एक्यू हे हिशेबी चलन लिहिले असेल तिथे एकास एक युरो समजावा. नवे चलन आले म्हणून कोणाला करारातून निसटता येणार नाही. रूपांतराचा दर सहा सार्थ अंकांत लिहायचा, तो हिशेब करताना छाटायचा नाही, सोयीच्या गोल आकड्यात बदलायचा नाही, आणि त्याचा उलटा दर काढून वापरायचा नाही. हा शेवटचा मुद्दा हिशेबनिसांशी बोलल्याशिवाय कोणाला सुचणार नाही, कारण उलटा दर वापरला की शेवटच्या दशांशात पैसे गळतात. जानेवारी २०२३ मध्ये क्रोएशिया युरोत आला तेव्हा दर ७.५३४५० कुना असा लिहिला गेला. शेवटचे ते शून्य कोणाला फालतू वाटेल. ते सहावा अंक आहे आणि म्हणून तिथे आहे.

जुन्या मराठी हिशेबाच्या भाषेत विनिमयाच्या दराला हुंडणावळ म्हणत. हुंडी लिहिणारा रक्कम लिहून तिची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पटही लिहायचा, म्हणजे आकड्यात फेरफार व्हायला नको. रुपया कोणत्या शिक्क्याचा ते लिहायचा, आणि हुंडी दर्शनी की मुदती, मुदती असेल तर किती दिवसांची, तेही. त्याच्याजवळ ना आयएसओ होते ना आयोस्को. पण पैसे हातात पडेपर्यंत काळ जाणार आहे आणि त्या काळात नाण्याचे मोल हलणार आहे, हे त्याला ठाऊक होते.

तुमचे संभाव्य आक्षेप मी ओळखते. पहिला असा की दिवस ठरवून दिला तर लोक त्या दिवसाचा फायदा घेतील. पण दिवस ठरलेला नसतो तेव्हाच तो सोयीने निवडता येतो. दुसरा आक्षेप, हे करारात लिहा, नियमात कशाला? करार व्यवस्थापक आणि गुंतवणूकदार यांच्यातला असतो. किमान रकमेची अट तुमची आहे. आम्ही दोघांनी आपसांत ठरवलेला दर तुम्हाला बांधील नाही, आणि तपासणीत तोच पहिला प्रश्न येतो. तिसरा आक्षेप खरा आहे: दर कोणाचा घ्यायचा? युरोपियन मध्यवर्ती बँक रोज संदर्भदर देते, पण ते केवळ माहितीसाठी आहेत असे स्वतःच सांगते. भारतात जुलै २०१८ पासून एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था, संदर्भदर प्रसिद्ध करते. प्रत्येक नियामकाने आपल्या नियमापुरता एक स्रोत नावाने सांगावा आणि तो फक्त मर्यादा मोजण्यासाठी आहे, प्रत्यक्ष व्यवहारासाठी नाही, एवढे लिहावे. सुट्टीच्या दिवशी दर नसेल तर आधीचा शेवटचा. संपले.

आकडे वर्षानुवर्षे गोठलेले राहतात ही वेगळी तक्रार, ती थोडक्यात. अमेरिकेत लहान व्हेंचर कॅपिटल फंडांसाठीची १ कोटी डॉलरची मर्यादा महागाईप्रमाणे बदलायची तरतूद कायद्यातच होती, म्हणून २०२४ मध्ये ती १.२ कोटी झाली. इतरांनी ती पद्धत उचलायला हरकत नाही. आणि चलनातून शून्ये काढली जातात तेव्हाचाही विचार व्हावा. तुर्कस्तानने जानेवारी २००५ मध्ये लिरातून सहा शून्ये काढली, संकेत टीआरएलचा टीआरवाय झाला, आणि २००९ मध्ये नावातला ‘नवा’ हा शब्द गेला तरी संकेत तोच राहिला. दहा वर्षांचा फंड या तिन्ही टप्प्यांतून सहज गेला असता. ‘बिलियन’ हा शब्दही नियमांतून हद्दपार करा. जर्मन वाचकासाठी बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये. अंकात लिहिले की कोणाचाच गैरसमज होत नाही.

आयोस्कोकडे माझे मागणे एका छोट्या पुस्तिकेचे आहे. पाच चलनांच्या पाच व्याख्या, ‘परिवर्तनीय’ आणि ‘वापरण्याजोगे’ यांतला फरक, आणि मर्यादा लिहिण्याचे एक नमुना वाक्य, ज्यात संकेत, दराचा स्रोत, दिवस आणि नंतरच्या चढउताराचा परिणाम असेल. कोणत्याही देशाने आपला आकडा बदलावा असे मी म्हणत नाही. १ लाख युरो असोत की १ कोटी रुपये, ते ठरवणे तुमचा अधिकार आहे.

पुस्तिकेला वेळ लागेल हे मला कळते. तोवर एका प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाले तरी चालेल. १४ जानेवारी २०१५ ला १ लाख १० हजार फ्रँकचे वचन देणारा तो माणूस, ज्याच्या करारावर फंडाने १६ तारखेला सही केली, पात्र की अपात्र? एक ओळ पुरे. मी ती छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावीन.

कळावे,

सीमापार फंडांचे हिशेब लिहिणारी एक हिशेबनीस